खारी जमीन आणि ढोबळी मिरची

काकडीच्या फोडींवर मीठ टाकून पाहा. मीठ पाणी ओढून घेते. खाऱ्या जमिनीतही असेच होते. ओल असूनही मुळांना पाणी मिळत नाही. ढोबळी मिरचीला, म्हणजे तुमच्या शिमला मिर्चला, खार फारसा सोसत नाही.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी उसाला जादा पाणी दिल्याने बरीच जमीन खारावली. अशा ठिकाणी आधी माती तपासावी. चर काढून, गोडे पाणी देऊन क्षार धुवावेत. शेणखत घालावे. पालाशासाठी क्लोराइडऐवजी सल्फेटचे खत वापरावे. कॅल्शियम कमी पडल्यास फळाचे टोक काळे पडते. म्हणून कॅल्शियम नायट्रेट द्यावे. समुद्रशैवालाच्या अर्काने रोपाला ताण सोसण्यास मदत होते. पण तो खताची जागा घेत नाही.

लक्षात ठेवा, बरीच रासायनिक खतेही क्षारच असतात. म्हणून ती थोडी थोडी, मोजूनच द्यावीत.