‘करण्यात आले’ : शिरूर प्रकरणाची भाषा

मांडवगण फराटा ज्या तालुक्यात येते त्या शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीत या स्त्रियांना स्वच्छता पाळता येत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्रीसंघटनांनी आवाज उठविल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या.

प्रस्तुत टिपणाचा विषय या प्रकरणाची भाषा हा आहे. वरचे पहिलेच वाक्य पाहावे. गर्भाशये कोणाची हे त्यात कळते. ती कोणी काढली हे कळत नाही. ‘-ण्यात आले’ ही शासकीय मराठीची लाडकी रचना कर्त्याला अलगद बाहेर ठेवते. ‘स्वच्छता’ हा शब्दही असाच. विटाळाची जुनी कल्पना येथे आरोग्यशास्त्राचा वेश घेऊन आली, आणि पुरेशा सेविका नेमण्याचा साधा प्रश्न तिने झाकला.

आणि बोलले कोण? डॉक्टर, अधिकारी, कार्यकर्त्या. ज्यांच्या देहावर हे घडले त्यांचे प्रथमपुरुषी निवेदन या वादात जवळजवळ नाहीच. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी तोवर मराठीत ‘मी’चा हक्क प्रस्थापित केला होता, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ चे. परंतु ‘मतिमंद’ किंवा ‘वेडी’ हे विशेषण लागले की साक्षीची ग्राह्यताच संपते. आईच्या मनोरुग्णालयातील वाट्याची झळ सोसलेल्या भार्गवी दावर यांनी पुण्यात बापू ट्रस्ट स्थापून सक्तीच्या उपचारांविरुद्ध लिहिले, तेही मुख्यतः इंग्रजीत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम १० नुसार, त्या व्यक्तीच्या स्वतंत्र व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. येथे संमतीला धनी आहे.