भौतिकी विभागात संशोधनाचे विषय कसे ठरतात?

कोणत्याही विद्यापीठाची माहितीपुस्तिका उघडली असता भौतिकी विभागाच्या पानावर संशोधनविषयांची यादी आढळते : अणुगर्भीय भौतिकी, घन पदार्थांची भौतिकी, वर्णपटविज्ञान, क्ष-किरण स्फटिकविज्ञान, इलेक्ट्रॉनिकी, खगोलभौतिकी, सैद्धांतिक भौतिकी. पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेला गावचा मुलगा ही यादी घेऊन आपल्या जुन्या शिक्षकांकडे जातो आणि यांतला कोणता विषय घ्यावा, असे विचारतो. पुष्कळदा शिक्षकांपाशी उत्तर नसते. त्यात त्यांचा दोष नाही. यादीत केवळ नावे असतात. ती नावे तेथे कशी आली आणि त्यांतली कोणती आज जिवंत आहेत, हे यादी सांगत नाही.

नावांचा अर्थ फारसा कठीण नाही. अणूच्या गाभ्यात काय घडते ते अणुगर्भीय भौतिकी पाहते. धातू, चुंबक व अर्धसंवाहक यांचे गुणधर्म घन पदार्थांच्या भौतिकीत येतात. रेडिओतील ट्रान्झिस्टर आणि छपरावरील सौर पट्टी ही या शाखेचीच अपत्ये. पदार्थाने बाहेर टाकलेल्या किंवा शोषलेल्या प्रकाशावरून त्या पदार्थाची ओळख पटविणे हे वर्णपटविज्ञानाचे काम. खरा प्रश्न निराळा आहे. एखाद्या विभागाने यांपैकी नेमके काय हाती घ्यावे आणि काय सोडून द्यावे? पैसा, जागा व माणसे ही सर्वत्र मोजकीच असतात. या दृष्टीने दोन विद्यापीठांचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील केंब्रिजचे. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळा म्हणजे त्या विद्यापीठाचा भौतिकी विभागच होय. 1874 मध्ये ती सुरू झाली आणि मॅक्सवेल हे तिचे पहिले प्राध्यापक झाले. 1897 मध्ये जे. जे. टॉमसन यांनी येथेच इलेक्ट्रॉनचा शोध लावला. 1919 पासून रदरफर्ड यांच्या नेतृत्वाखाली अणुगर्भाचे संशोधन हे या विभागाचे जणू दैवत बनले. 1932 या एकाच वर्षी चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला, आणि कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांचा मारा करून लिथियमचा अणुगर्भ फोडला. मुंबईचे होमी भाभा याच काळात केंब्रिजला शिकत होते.

1937 च्या ऑक्टोबरात रदरफर्ड वारले. त्यांची गादी अणुगर्भाचाच एखादा अभ्यासक चालवील, अशी साहजिक अपेक्षा होती. परंतु 1938 मध्ये त्या जागी आले लॉरेन्स ब्रॅग. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उलगडण्याबद्दल त्यांना व त्यांच्या वडिलांना 1915 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अणुगर्भाशी त्यांचा संबंध बेताचाच होता. युद्धानंतर तर परिस्थिती आणखी पालटली. अणुगर्भीय प्रयोगांसाठी लागणारे कणवेगवर्धक एवढे अवाढव्य व खर्चिक होऊ लागले की ते एकट्या विद्यापीठाच्या आवाक्यात राहिले नाहीत. ब्रॅग यांनी त्या शर्यतीत ऊर फुटेपर्यंत धावण्याचे नाकारले आणि विभागातील दोन लहान, काहीशा आडबाजूच्या गटांना हात दिला. जुन्या मंडळींपैकी अनेकांना हे रुचले नाही. ज्या घराने अणुगर्भ जगाला दाखविला त्याच घराने त्याकडे पाठ फिरवावी, ही टीका वरवर पाहता रास्तच होती.

त्या दोन गटांपैकी पहिला क्ष-किरण स्फटिकविज्ञानाचा. याचे तत्त्व घरबसल्या समजून घेता येते. रात्री दूरवरच्या दिव्याकडे ताणलेल्या तलम मलमलीतून किंवा छत्रीच्या कापडातून पाहावे. दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची चौकट दिसते. कापडाची वीण जितकी घट्ट, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे ठिपक्यांवरून विणीचा हिशेब मांडता येतो. स्फटिकात अणूंची वीण इतकी बारीक असते की तेथे साध्या प्रकाशाचा उपयोग होत नाही, क्ष-किरणच लागतात. पण तत्त्व तेच. मिठासारख्या साध्या पदार्थाची रचना ब्रॅग यांनी 1913 मध्येच उलगडली होती. मॅक्स पेरुत्झ या ऑस्ट्रियातून आलेल्या तरुणाने मात्र हीमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, हाती घेतले. त्याच्या एका रेणूत हजारो अणू. काम सुरू झाले 1937 च्या सुमारास आणि रचना हाती आली 1959 मध्ये! ठिपक्यांची तीव्रता छायाचित्रात मिळते, परंतु प्रत्येक तरंग कोणत्या टप्प्यात येऊन पोहोचला हे कळत नाही, ही अडचण होती. 1953 मध्ये पेरुत्झ यांनी रेणूला पाऱ्याचे जड अणू जोडले व ठिपक्यांत पडलेल्या फरकावरून ती सोडविली. त्याच वर्षी त्याच गटातील वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडली. तिला लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा भक्कम आधार होता. बावीस वर्षे फळाविना (निदान कागदावर दाखविण्याजोग्या फळाविना) एका संशोधकास सांभाळणे आजच्या प्रगती-अहवालांच्या चौकटीत कितपत बसले असते, याचा विचार अधिकारीवर्गाने अवश्य करावा.

दुसरा गट रेडिओलहरींचा. रॅटक्लिफ यांच्या मार्गदर्शनाखाली हा गट युद्धापूर्वीपासून आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या ज्या उंच थरावरून रेडिओलहरी परावर्तित होतात त्याचा, अभ्यास करीत असे. युद्धात रडारवर काम केलेले मार्टिन राइल 1945 नंतर येथे परतले आणि त्यांनी सूर्याकडून व आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींकडे मोर्चा वळविला. साधने बहुतेक युद्धातून उरलेली. जर्मनांकडून हस्तगत केलेल्या रडारच्या तबकड्याही त्यांनी उपयोगात आणल्या. एक प्रचंड दुर्बीण उभारण्याऐवजी लहान दुर्बिणी दूरदूर ठेवून, त्यांचे संकेत एकत्र करून मोठ्या दुर्बिणीचे काम घ्यावयाचे, ही राइल यांची युक्ती.

1967 मध्ये अँटनी ह्युइश यांच्या मार्गदर्शनाखाली साडेचार एकर रानात खांब रोवून 2,048 लहान आकाशकांचे एक जाळे उभे केले गेले. खांब ठोकण्याचे व तारा ओढण्याचे काम विद्यार्थ्यांनीच केले. तारांखाली गवत कापण्याचे यंत्र शिरत नसे, म्हणून तेथे मेंढ्या चरावयास सोडीत. जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी या जाळ्यातून निघणाऱ्या कागदाच्या लांबलचक पट्ट्या रोज डोळ्यांखालून घाली. त्यांत तिला एक बारीकशी खूण पुनःपुन्हा आढळली. तपास करता दर 1.337 सेकंदांनी एक स्पंद येत असल्याचे दिसून आले. हा पहिला स्पंदक तारा. राइल व ह्युइश यांना 1974 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेल यांचे नाव त्यात नव्हते, आणि हा अन्याय होता असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील, मद्रास विद्यापीठाचे. जी. एन. रामचंद्रन हे रामन यांचे विद्यार्थी. 1947 ते 1949 या काळात कॅव्हेंडिशमध्ये क्ष-किरणांचे काम करून ते परतले आणि 1952 मध्ये, वयाच्या तिशीत, मद्रासच्या भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. विभाग नवा, साधने तुटपुंजी. काय हाती घ्यावे? स्फटिकविज्ञानातील नामवंत बर्नाल त्या सुमारास मद्रासला आले असता कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप सुटलेली नाही, असे बोलण्यातून निघाले. कोलॅजेन म्हणजे कातडी, कंडरा व हाडे यांना बळकटी देणारे प्रथिन. जनावराचे कातडे कमावतात तेव्हा मागे उरते ते मुख्यतः हेच. आणि विभागाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. हातातले तंत्र आणि शेजारचा माल यांची अशी गाठ पडली. चांगली छायाचित्रे मिळाली ती कांगारूच्या शेपटीतील कंडरेची. 1954-55 मध्ये रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. तीन पेड एकमेकांत पिळलेले, अगदी दाव्यासारखे.

यावर केंब्रिजहून क्रिक व रिच यांनी आक्षेप घेतला : या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. रामचंद्रन यांनी त्या आक्षेपाचा पाठपुरावा केला. तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांतून त्यांनी अणूंमधील अंतरे गोळा केली, कोणते अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याचे नियम बसविले आणि त्यांवरून प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा 1963 मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह प्रसिद्ध केला. हा ‘रामचंद्रन आलेख’ आजही जगभर वापरात आहे. नव्याने उलगडलेली प्रथिनाची रचना बरोबर आहे की नाही, हे त्यावर ताडून पाहिले जाते. कोलॅजेनच्या वादात क्रिक यांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले, तथापि त्या वादातून जे निघाले ते मूळ रचनेहूनही अधिक मोलाचे होते.

केंब्रिजच्या रेडिओगटाचा एक धागा आपल्या परिसरापर्यंतही येऊन पोहोचला आहे. त्या गटात शिकलेले जोसेफ पॉसी पुढे ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे अध्वर्यू झाले. 1953 मध्ये गोविंद स्वरूप सिडनीला त्यांच्या गटात दाखल झाले. भारतात परतल्यावर स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली आधी उटीची व नंतर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, खोडद येथील रेडिओ दुर्बीण उभी राहिली. खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत आणि त्यांचे संकेत एकत्र करण्यामागील तत्त्व राइल यांचेच आहे.

क्ष-किरणांचा मार्ग इंदूरला जातो. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-2’ हे वर्तुळाकार यंत्र 2005 मध्ये कार्यान्वित झाले. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन वळणावर जे प्रखर क्ष-किरण टाकतात, ते प्रयोगांसाठी वापरले जातात. असे यंत्र बाळगणे एका विद्यापीठास शक्य नाही. परंतु अभ्यासाचा प्रस्ताव पाठवून व तो मंजूर करून घेऊन कोणत्याही विद्यापीठातील संशोधकास आपला नमुना तेथे नेता येतो. ब्रॅग यांना जी शर्यत सोडावी लागली, तशा शर्यतीत आज लहान विभागही सामायिक साधनांच्या आधारे उतरू शकतो. मात्र नमुना चांगला बनविण्याची विद्या त्याला घरीच कमवावी लागते.

तेव्हा विद्यार्थी यादी घेऊन आला, तर शिक्षकांनी त्याला त्या विभागात एक दिवस पाठवावे. कोणते उपकरण प्रत्यक्ष चालू आहे? बिघडल्यास ते तेथेच दुरुस्त होते की महिनोन्महिने झाकून ठेवले जाते? कर्मशाळेत काम जाणणारा माणूस आहे काय? द्रवरूप नायट्रोजन वेळेवर मिळतो काय? गेल्या दोन-तीन वर्षांत येथील विद्यार्थी आपले नमुने घेऊन इंदूरला किंवा अन्यत्र जाऊन आले आहेत काय, आणि आले असल्यास त्या मोजमापांचे पुढे काय झाले? ही माहिती त्याने प्राध्यापकांकडून घ्यावीच, परंतु तेथे संशोधन करीत असलेल्या विद्यार्थ्यांकडूनही घ्यावी; विषयाची निवड त्यानंतर.