दिवसाची वीज

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य या नात्याने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजेचे धोरण ठरविणाऱ्या समितीपुढे एक प्रश्न ठेवला : स्वस्त आणि मुबलक वीज हवी तरी कशासाठी? विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्याचे चक्र थांबणार नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

बदनापूरच्या शिवारात हाच प्रश्न रात्री उभा राहतो. मोसंबी, कापूस, तुरीचा हा मुलूख बहुतांशी विहिरींच्या पाण्यावर जगतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की अंधारात दारे धरावी लागतात. चिखल, साप, उघडी वायर. ते हात पुष्कळदा सालगड्याचे असतात.

कोयनेला पाणी, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा आणि साखर कारखान्यात उसाच्या चिपाडावर तापवलेली वाफ चाक फिरवते. चाकाबरोबर चुंबक आणि तारेचे वेटोळे परस्परांसापेक्ष फिरतात व तारेत वीज निर्माण होते. सौर पॅनेलमध्ये मात्र काहीच फिरत नाही. सिलिकॉनच्या चकतीत एका थरात फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. त्यामुळे दोन थरांच्या सांध्यावर विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेला ढकलते. हाच दिष्ट प्रवाह. नेहमीचा तीन फेजचा पंप चालवायचा तर इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो.

निरभ्र दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडते. पॅनेल त्यातील साधारण पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करते. तीन अश्वशक्तीच्या पंपाला ३,००० वॅटची पॅनेल धरली, तर १५ चौरस मीटर जागा पुरते. कडक उन्हात वीज अधिक, ही समजूत मात्र अर्धवट आहे. २५ अंशांनंतर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के क्षमता घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांवर तापले की १४ टक्के वीज गेलीच. धुळीचे नुकसान वेगळे. ते निदान धुऊन भरून निघते.

एकेकट्या सौर पंपापेक्षा आम्हांला २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अधिक मोलाची वाटते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या संपूर्ण वाहिनीला दिवसा वीज द्यावयाची, ही तिची कल्पना. त्यात पंपासाठी भांडवल जमवू न शकणाऱ्याचीही रात्र मोकळी होते.

पाण्याचे काय? सौर पंपाला बिल नाही, म्हणून तो बंद करण्याची घाई नाही. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून सरपण झाल्या, त्या पाण्यावाचून. ठिबक हवेच, शिवाय आपल्या विहिरीची पातळी कार्तिक पौर्णिमेला आणि पुन्हा वैशाख पौर्णिमेला दोरीने मोजून वहीत लिहावी, असे आम्ही मुलांना सांगतो.