जुलैत आरव्ही काढतोयस, तर हे ऐकून ठेव

ताईला आणि भाऊजींना जुलैत आरव्हीतून ग्रँड कॅन्यन दाखवायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. तो मोडू नकोस. पण अ‍ॅरिझोनाचं ऊन मी ओळखून आहे, म्हणून निघण्याआधी चार गोष्टी मामाच्या ऐक.

मुक्काम उंचावर टाक. सगळ्यात महत्त्वाचं हेच. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ११०० फुटांवर आहे. जुलैत तिथे दुपारी १०५-१०६ फॅरेनहाइट, म्हणजे आपलं ४१ सेल्सिअस, हे रोजचंच. फ्लॅगस्टाफ आणि कॅन्यनचा साउथ रिम दोन्ही ७००० फुटांच्या आसपास. तिथली दुपार ८०-८५ ची असते आणि रात्री पांघरूण लागतं. दोन-अडीच तासांच्या चढणीवर मिळणारा तो गारवा गाडीच्या टपावरचा कुठलाही एसी देणार नाही. फिनिक्सला रात्र काढू नकोस. पहाटे टायरमधली हवा तपास, गार टायरलाच हवेचा आकडा खरा कळतो, आणि उजाडताच निघ. कॅन्यनमध्ये मात्र हिशोब उलटा होतो: जितकं खाली उतरावं तितकं तापत जातं. तळाला रिमपेक्षा वीसेक अंश जास्त असतात. सकाळी दहा ते दुपारी चार खाली उतरायचं नाही असं तिथले रेंजर सांगतात, ते ऐकायचं.

साइट घेताना हुकअप आहे का ते बघ. साउथ रिमच्या मॅदर कॅम्पग्राउंडला वीज जोडता येत नाही, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला येते. तिथलं आधीच बुक करून ठेव. जनरेटर ठरावीक तासांतच चालवू देतात, आणि जनरेटरवर एसी लावून रात्रभर झोपायची कल्पना तर मनातही आणू नकोस. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आतला अलार्म चालू आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच बटण दाबून बघ.

आता गाडी उभी करायची कशी, ते नीट समजून घे, कारण भाड्याने गाडी देणारा हे सांगेलच असं नाही. आरव्ही एकदा तापली की संध्याकाळपर्यंत निवत नाही. भिंती पातळ, काचा मोठ्या. दुपारचं पश्चिमेचं ऊन कुठल्या बाजूवर पडणार हे आधी ठरव. दार आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर उघडायचं कापडी छप्पर, उजव्या बाजूला असतं. तोंड उत्तरेला केलंस तर ऑनिंग पूर्वेला येतं आणि दुपारी दारापुढे बसायला चांगली सावली मिळते. पण फ्रीज गॅसवर चालणारा असेल, तर त्याच्या मागची जाळी बाहेरून कुठल्या बाजूला आहे ते पाहा. ती बहुधा डावीकडे असते, आणि तिच्यावर चार तास ऊन पडलं की दूध नासलंच म्हणून समज. तसं असेल तर तोंड दक्षिणेला कर, ऑनिंग पश्चिमेला उघड आणि त्याच्या पुढच्या कडेला जाळीचं कापड सोड. मी तरी फ्रीज सांभाळतो. पुढची मोठी काच आणि टपावरची झडप चंदेरी फॉइलने सकाळीच झाक, ऊन आत यायच्या आधी.

एसी सकाळी नऊलाच लाव. दुपारी दोनला लावलास, तर तो नुसता धापा टाकेल. बाहेर ११० असताना आत ७० करायला गेलास, तर कॉइलवर बर्फ धरतो आणि वारा येणं थांबतं. मग एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेव, बर्फ वितळतो. फिल्टर रोज झटक. ३० अँपच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवलेस की ब्रेकर पडू शकतो. म्हणून वरणभाताचा कुकर सकाळीच लाव, इंडक्शनची शेगडी बाहेर टेबलावर मांडून. दुपारी दहीभात, ताक, कोकम सरबत.

ताई नागपूरची, ती कूलरबद्दल विचारणारच. जूनच्या कोरड्या हवेत कूलर इथेही छान चालतो. जुलैत पावसाळी ढग येतात आणि नागपुरात आभाळ आल्यावर होतो तसाच चिकचिकाट होतो. तेव्हा मानेवर ओला पंचा आणि समोर पंखा, एवढंच. ढग जमले की ऑनिंग लगेच गुंडाळ, वाऱ्याच्या एका झपाट्यात त्याच्या दांड्या वाकतात. कोरड्या नाल्यात गाडी कधीही लावू नकोस, पाऊस दूर डोंगरात पडला तरी लोंढा खाली येतो.

“आम्हाला उन्हाची सवय आहे” असं दोघंही म्हणतील. त्यावर जाऊ नकोस. इथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो आणि तहान उशिरा लागते. भाऊजींच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध आहे का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. बाटली त्यांच्या हातात दे आणि दर तासाला ती किती रिकामी झाली ते बघ. कोणी असंबद्ध बोलू लागलं, किंवा अंग तापून झोक जाऊ लागला, तर विचार करत बसू नकोस. ९११ लाव, आणि ते पोचेपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहा, पंख्याचा वारा घाल.