शितावरून भाताची परीक्षा

नोकरीसाठी माणूस कसा निवडावा, हा प्रश्न जुनाच आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अनेक कंपन्या उमेदवाराला एक लहानसा प्रोग्रॅम घरी लिहावयास देतात आणि त्यावरून त्याची योग्यता ठरवितात. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु परीक्षा न्याय्य केव्हा ठरते, हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे. आणि आपल्यापैकी काहीजण उद्या याच दाराशी उभे राहणार आहेत.

प्रथम या पद्धतीची जमेची बाजू पाहू. तिला पर्याय म्हणजे फळ्यासमोर उभे राहून, परीक्षकाच्या देखत, मोठ्याने विचार करीत उदाहरण सोडविणे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी परीक्षकासमोर, तर काहींनी खोलीत एकट्याने उदाहरण सोडविले. केवळ कोणी पाहत असल्यामुळे कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. म्हणजे फळ्यासमोर बुद्धीइतकीच धिटाईचीही परीक्षा होते. घरी ही भीती नसते.

दुसरा मुद्दा असा की, कामाचा नमुना पाहून माणूस निवडणे हे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखेच आहे. श्मिट व हंटर यांनी १९९८ साली अनेक अभ्यासांचा मेळ घालून अशा चाचणीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.५४ दाखविला होता. (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध.) मात्र २०२२ साली सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरगणित केले, तेव्हा तो ०.३३ वर आला. सर्वांना तेच प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीचा ०.४२ भरला. तेव्हा ही चाचणी उपयुक्त असली, तरी तीच सर्वश्रेष्ठ असे म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. माझी थोरली बहीण दिवसा नोकरी करते व संध्याकाळी लहान मुलाला सांभाळते. एका कंपनीने तिला 'चार तासांचे काम' दिले. त्यासाठी तिला तीन रात्री जागावे लागले. महिन्याने दोन ओळींचा नकार आला. काय चुकले, ते कळलेच नाही. मुलाखतीत उमेदवाराचा एक तास जातो, तसा परीक्षकाचाही जातो. घरच्या कामात मात्र सारा खर्च उमेदवाराचाच. म्हणूनच ते दहाजणांऐवजी शंभरजणांना देताना कंपनीचा हात अडखळत नाही. ज्याला रिकामा वेळ अधिक, त्याचे काम अधिक नेटके दिसते. अशा वेळी मापले जाते ते कौशल्य की सवड?

शिवाय काम कोणी केले, हा संशय आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून लहानसहान प्रोग्रॅम यंत्राकडून लिहून घेणे सोपे झाले आहे. प्रामाणिक उमेदवार रात्र जागवितो आणि दुसरा काही मिनिटांत मोकळा होतो.

मग ही पद्धत टाकूनच द्यावी काय? मला तसे वाटत नाही. आपल्या मानसशास्त्र विभागात प्रात्यक्षिकाची वही तपासली, तरी तोंडी परीक्षा होतेच. त्याप्रमाणे उमेदवाराला समोर बसवून 'हे असेच का लिहिले?' असे विचारावे. ज्याने समजून लिहिले असेल, त्याला उत्तर सुचेल. काम दोन-तीन तासांत खरोखर संपणारे असावे, गुणांचे निकष आधीच ठरलेले असावेत, आणि काम मोठे असेल तर मोबदला द्यावा. ऑटोमॅटिक कंपनीचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी २०१४ साली, आपण चाचणीच्या कामाला तासाला २५ डॉलर देतो, असे लिहिले होते. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही.

सारांश, घरी दिलेली परीक्षा मुळात अन्याय्य नाही. अन्याय तिच्या अटींत आहे. जो परीक्षक दुसऱ्याच्या तीन रात्री मागतो, त्याने आपला निदान अर्धा तास देऊन ते काम नीट वाचावे आणि काय उणे पडले, ते सांगावे. माझ्या बहिणीची अपेक्षा याहून अधिक नव्हती.