वृंदगानातील पाचवा गट

पदवीच्या वर्गात विलापिका हा काव्यप्रकार शिकविताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो : गेलेल्या माणसाची आठवण कोणी ठेवायची? उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो घरच्यांनी, कोणी म्हणतो शिष्यांनी, कोणी म्हणतो समाजाने. पण घरच्यांनी नाव टाकले असेल, शिष्य कधी नव्हतेच आणि मृत्यूचे कारण उच्चारायची समाजालाच लाज वाटत असेल, तर? या प्रश्नाचे एक उत्तर मला अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहरात, समलिंगी पुरुषांच्या एका गायकवृंदाच्या इतिहासात सापडले. त्याचीच ओळख येथे करून द्यावयाची आहे.

प्रथम थोडे संगीताविषयी. आपल्याकडे दहा माणसे भजनाला बसली की दहाही जण एकच चाल म्हणतात. त्यातला एखादा उठून गेला तर भजनाचा आवाज किंचित उतरतो, पण चाल शाबूत राहते. पाश्चात्त्य वृंदगानाची रचना वेगळी असते. पुरुषांच्या वृंदात सामान्यतः चार गट असतात : पहिला टेनर, दुसरा टेनर, मधल्या आवाजाचा बॅरिटोन आणि खर्जातला बास. हे चार गट एकाच क्षणी निरनिराळे स्वर लावतात व त्यांच्या मिलाफातून जे उभे राहते त्याला हार्मनी म्हणतात. हार्मोनियमवर सा, ग, प एकदम दाबा आणि मग ग वरचे बोट उचला. स्वर ऐकू येतील, पण मधली जागा पोकळ झालेली चटकन जाणवेल. वृंदगानात माणूस जातो तेव्हा असे होते. एरवी त्याचे स्वतंत्र नाव कार्यक्रमात कोणी पुकारत नाही, त्याची वेगळी तान कोणाच्या लक्षात नसते. पण त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्याला ती पोकळी नेमकी कळते.

‘सान फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस’ या वृंदाची पहिली तालीम ३० ऑक्टोबर १९७८ रोजी झाली. संस्थापक जॉन सिम्स हे संगीतशिक्षक होते. वृंदाने आपल्या नावातच ‘गे’ हा शब्द घातला, हे त्या काळी धाडसाचे होते. नावात तो शब्द म्हणजे प्रत्येक गायकाने नोकरीच्या ठिकाणी आणि घरी स्वतःला उघड करण्यासारखेच होते.

तालमी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरमंडळाचे सदस्य हार्वे मिल्क यांची नगरभवनात गोळ्या घालून हत्या झाली. आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगून निवडून आलेल्या अमेरिकेतील पहिल्या काही लोकप्रतिनिधींपैकी मिल्क हे एक होते. त्या रात्री हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन नगरभवनाकडे चालत गेले, आणि या नवख्या वृंदाने तिथल्या पायऱ्यांवर उभे राहून मेंडेल्सोनची एक प्रार्थना म्हटली. वृंदाचे हे पहिले जाहीर गायन. ज्याची सुरुवातच शोकसभेने झाली असा दुसरा वृंद मला तरी ठाऊक नाही.

१९८१ साली वृंदाने देशभर दौरा केला. त्याच वर्षी ५ जून रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ फुप्फुसविकाराची नोंद प्रसिद्ध केली. पुढे एड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या रोगाची ही पहिली छापील नोंद होय. जॉन सिम्स स्वतः १९८४ मध्ये या रोगाने गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास हाती आले. तोपर्यंतच्या दीड दशकात वृंदातली माणसे एकामागून एक जात राहिली.

त्या काळच्या मृत्युवार्तांत पुष्कळदा ‘दीर्घ आजाराने’ एवढेच छापले जाई. अनेकांच्या घरच्यांनी मुलाला आधीच दूर केलेले असे, तर काही ठिकाणी अंत्यविधीच्या वेळी त्याच्या जन्माच्या जोडीदारालाच बाजूला सारले जाई. अशा वेळी वृंदाने एक साधी गोष्ट केली. आपल्या चार गटांना त्याने पाचवा गट जोडला. दिवंगत गायकांचा हा गट, ‘फिफ्थ सेक्शन’. त्यात आज तीनशेहून अधिक नावे आहेत. गेलेला गायक वृंदातून वजा झाला असे न मानता त्याची जागा फक्त बदलली असे मानायचे, हा त्यामागचा विचार.

या विचाराचे दर्शन १९९३ च्या एका छायाचित्रात घडते. एरिक ल्यूस या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने ते टिपले. मंचावर संपूर्ण वृंद उभा आहे. सात जण पांढऱ्या वेषात आपल्याकडे तोंड करून आहेत. हे मूळ वृंदातले हयात गायक. उरलेले ११५ जण काळ्या वेषात पाठमोरे आहेत, गेलेल्यांचे प्रतीक म्हणून. छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा माझे लक्ष त्या सातांकडे गेले. पुढे ध्यानात आले की पाठमोरे उभे असलेलेही जिवंत गायकच आहेत! त्यांतल्या प्रत्येकाने एका गेलेल्या माणसाला आपली पाठ उसनी दिली आहे.

संगीतकारांनीही या स्मरणाला रूप दिले. जॉन कोरिलियानो यांनी एड्सने गेलेल्या मित्रांसाठी सिंफनी लिहिली. १९९० मध्ये ती शिकागोला प्रथम वाजली. तिच्यातील तिसऱ्या भागावरून त्यांनी १९९१ मध्ये एक वृंदरचना केली. तिच्यात गायक आपल्या गेलेल्या मित्रांची नावे उच्चारतात. एरवी रचनाकार शब्द देतो आणि गायक ते म्हणतो. येथे नावे हेच शब्द झाले.

आपल्या परंपरेत असे काही नाही असे नाही. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे १९५२ साली निधन झाले आणि १९५३ पासून पुण्यात भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. कन्नड मुलखातला गुरू, मराठी शहरातले स्मरण आणि दोन्ही भाषांचे श्रोते, हे आपल्या सीमाभागाला वेगळे सांगायला नको. पण तिथे शिष्य गुरूला गातो. गुरूची गायकी शिष्याच्या गळ्यात उरते. वृंदातला सामान्य गायक गायकी मागे ठेवत नाही. त्याला बरोबरीच्यांनीच आठवायचे असते.

हा रोग आपल्याकडेही आला. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातील पहिली लागण उजेडात आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या तिथेच वाढलेल्या, माहेरच्या गायतोंडे. सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे २००४ पासून मिळू लागली. त्याआधीची एक गोष्ट सांगतो. आमच्या संध्याकाळच्या बैठकीत तबल्याला एक मित्र असे. १९९४ च्या पावसाळ्यात तो गेला. शोकसभेत वाचायचा मजकूर मीच लिहिला होता. त्यात मी ‘अल्पशा आजाराने’ असे घातले. आजार अल्प नव्हता, दोन वर्षे चालला होता. त्या दोन वर्षांत त्याची सेवा करणारा सोबती सभेला आला होता. तो दाराशी, चपलांच्या बाजूला उभा राहिला. त्याला पुढे बोलवावे असे मला वाटले होते. मी बोलावले नाही.

विद्यार्थी मित्रहो, विलापिका शिकताना आपण अलंकार मोजतो, वृत्त मोजतो. ते मोजावेच. पण आधी पाहावे की त्या कवितेत माणसाचे नाव आहे का, आणि त्याच्यासाठी रडण्याचा अधिकार कोणाला दिला आहे. माझ्या त्या मजकुरात दोन्ही नव्हते. त्या मित्राचे नाव मी येथेही लिहीत नाही, कारण आता ज्याची परवानगी घ्यायची तो सोबती कुठे आहे हे मला माहीत नाही. परंतु बैठक अजून भरते. तबल्याच्या डाव्या हाताला आम्ही एक माणूस बसेल एवढी सतरंजी मोकळी ठेवतो. नवीन आलेला कोणी विचारतो, ही जागा कोणाची? तेव्हा आम्ही त्याचे नाव सांगतो, आणि कशाने गेला तेही सांगतो.