तार दाबली तर रोध बदलतो का?



नववीला धाराविद्युत शिकवताना आपण सांगतो, तारेचा रोध लांबी, जाडी आणि पदार्थ यांवर ठरतो. अमडापूरला आमच्या वर्गात एकीने विचारलं, "सर, आणि दाबली तर?"

मी रिकाम्या पेनच्या नळीत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली, दोन्हीकडून खिळे घातले, मल्टिमीटर लावला. खिळे दाबले की आकडा घसरायचा. मी लगेच सांगून टाकलं, "बघा, दाबानं पदार्थाचा रोध कमी होतो!" घरी आल्यावर चूक लक्षात आली. ग्राफाइट होतं तसंच होतं. फक्त पुडीचे कण एकमेकांना नीट टेकले होते. जुन्या टेलिफोनचा माउथपीस याच तत्त्वावर चालायचा.

मग खरी मोजणी कशी करतात? अमेरिकेच्या पर्सी ब्रिजमन यांनी (नोबेल, 1946) टंगस्टन कार्बाइडच्या दोन सपाट ऐरणींमध्ये नमुना दाबला. भोवती मऊ दगडाचं कडं, म्हणजे नमुना बाहेर निसटत नाही. कड्यातून चार बारीक तारा काढतात. दोन तारांनी विद्युतधारा सोडायची, उरलेल्या दोन तारांवर विभवांतर मोजायचं. त्यामुळे तारांचा आणि जोडाचा रोध हिशेबात येत नाही. माझ्या दोन खिळ्यांत नेमकं हेच राहून गेलं होतं!

दाब किती? एक चौरस मिलिमीटर टोकावर अडीच क्विंटल सोयाबीन ठेवलंय असं समजा. साधारण 25,000 वातावरणं होतात. एवढ्या दाबाला बिस्मथची स्फटिकरचनाच बदलते आणि रोध एकदम घसरतो. हा टप्पा इतका पक्का, की यंत्राचा दाब बरोबर आहे का, हे त्यावरूनच तपासतात. दाबानं पदार्थ बदलल्याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातही आहे. लोणारला उल्का आदळली तेव्हा बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची काही ठिकाणी काच झाली.

याहून मोठ्या दाबासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना धरतात. हे उपकरण तळहातावर मावतं. 2015 साली जर्मनीत अशाच उपकरणात, सुमारे 15 लाख वातावरणांच्या दाबाखाली, हायड्रोजन सल्फाइडचा रोध उणे 70 अंश सेल्सिअसला शून्यावर आला. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाचं संशोधन चालतं.

पुडीचा प्रयोग मी अजून करतो. पण आता आकडा घसरला की आधी मुलांनाच विचारतो, बदललं काय: ग्राफाइट, की कणांमधली जागा?